बाकावरची वीस मिनिटं

हृषिकेश आष्टेकरांबद्दल मला पहिल्यांदा सांगितलं ते माझ्या मुलीने, ऊर्मिलाने, आणि तेही भाजी चिरता चिरता. हेर्त्सोगेनआउराख हे तसं जर्मनीतलं लहान गाव, पण तिथल्या मोठ्या कंपन्यांमुळे चाळीसेक मराठी घरं आहेत. त्यातल्या बहुतेकांचे आईवडील उन्हाळ्यात तीन महिन्यांच्या व्हिसावर येतात. पहिला आठवडा कौतुकात जातो, दुसऱ्यात मुलांच्या रजा संपतात, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं करायचं काय असा प्रश्न पडतो. तेव्हा हृषिकेशना फोन करायचा. ते शनिवारी रेगेन्सबुर्ग दाखवायला घेऊन जातात. काही घेत नाहीत, उलट डबा त्यांचाच असतो.

"आई, इथे त्यांना हृषिकेश ट्रॅव्हल्स म्हणतात," माझा जावई राजस म्हणाला. "टूर मात्र एकच. तेच गाव, तीच गाडी, तेच बाकडं."

बांबेर्ग आणि न्यूर्नबेर्ग इतकी जवळ असताना दरवेळी रेगेन्सबुर्गच का, असं मी विचारलं. दोघांनाही माहीत नव्हतं. त्यांचे वडील सात वर्षांपूर्वी इथे आलेले असताना वारले, एवढं ऊर्मिलाला ठाऊक होतं. कसे, ते कुणी विचारलं नव्हतं. आठ वर्षांची अन्वी टेबलाखालून जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली आणि ऊर्मिलाने तिला दटावलं. मी अर्थ विचारला. वेद नावाच्या तिच्या वर्गातल्या मुलाची आजी त्यांच्याबरोबर जाऊन आली होती. तो काका मागे उभा राहून आपल्याकडे बघत होता आणि आपल्याला भीती वाटली, असं त्या घरी म्हणाल्या होत्या.

शनिवार, १७ जून २०२३. सकाळी आठ वाजून पाच मिनिटांची बस. गावाला रेल्वे नाही, एर्लांगेनपर्यंत बसने जावं लागतं. बसथांब्यावर ते माझ्या आधीच उभे होते. उंच, किडकिडीत, वय एकोणपन्नास, पण डोक्यावर एकही काळा केस नाही. पाठीवर मोठी पिशवी. त्यात चहाचा थर्मास, घडीची छत्री, मलमपट्टी, आणि इथल्या शौचालयांसाठी लागणाऱ्या सुट्या नाण्यांची चंची. एर्लांगेनहून एक जोडपं आमच्याबरोबर यायचं होतं, पण त्यांच्या नातवाला ताप आल्यामुळे त्यांचं रद्द झालं होतं.

"आल्झो, तर मग काकू, आज तुम्ही एकट्याच," ते म्हणाले, आणि खिशातून छोटी वही काढून त्यांनी काहीतरी टिपलं. मी अकरा वर्षांची असताना पाचगणीच्या कॉन्व्हेंट शाळेत आमच्या सिस्टरांनी रोज निजण्यापूर्वी पानभर लिहायची सवय लावली, ती आजतागायत आहे. त्यामुळे कुणी काही टिपताना दिसलं की माझं लक्ष जातं. त्यांनी वाक्य लिहिलं नव्हतं. नुसते आकडे होते.

गाडीत मी त्यांचं काम काय म्हणून विचारलं. ते चाचणी विभागात आहेत. बेअरिंग यंत्रावर लावायचं, भार द्यायचा आणि तुटेपर्यंत फिरवत ठेवायचं. मग ते का तुटलं ते शोधायचं.

"आणि कारण नाही सापडलं तर?"

"तर पुन्हा सगळं तसंच लावायचं. तेच तेल, तोच भार, तोच वेग. एक जरी गोष्ट बदलली तरी उत्तर खोटं येतं." हे सांगताना त्यांचा चेहरा जरा खुलला होता. बावीस वर्षं ते हेच करत होते.

न्यूर्नबेर्गला गाडी बदलल्यावर मी विचारलं, की तिकीट मला दाखवावं लागेल का. ते नाही म्हणाले, दोघांचं एकच आहे, मी दाखवीन. थोड्या वेळाने तपासनीस डब्यात शिरलेला पाहून मी पुन्हा तेच विचारलं. वयोमानाने मी असं करते, घरी अन्वी मला बोटं मोजून दाखवते, कितव्यांदा ते. हृषिकेशनी हातातला चहाचा पेला खाली ठेवला.

"नाही काकू, मी दाखवीन," ते अगदी सावकाश म्हणाले. मग म्हणाले, "पुन्हा विचारा. हवं तितक्यांदा विचारा."

इतक्या साध्या प्रश्नाला इतकं जपून उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. त्यात प्रेमळपणा होता, पण दुसरंही काहीतरी होतं, आजाऱ्याच्या खोलीत माणसं बोलतात तसं. त्यानंतर रेगेन्सबुर्गपर्यंत मी काहीच विचारलं नाही.

गाव फार देखणं आहे. युद्धात ते जवळजवळ शाबूत राहिलं, त्यामुळे घरं खरोखरच जुनी आहेत. रोमन लोकांच्या वेशीचे काळे दगड एका पांढऱ्या भिंतीत तसेच बसलेले आहेत. एका घरावर वरपासून खालपर्यंत राक्षसाचं चित्र आहे आणि त्याच्या पायाशी मोटारी उभ्या करतात. हृषिकेशना सगळं पाठ होतं. सनावळ्या, राजे, बिशप. पण ते सांगताना त्यांची नजर त्या गोष्टींवर नसायची. माझ्या पायांवर असायची. मी कुठे थबकते, कोपऱ्यावर आधी डावीकडे बघते की उजवीकडे, याकडे. एकदा मी मुद्दाम थांबले, तर तेही दोन पावलं मागे थांबले. वेदच्या आजीला काय वाटलं असेल ते मला समजलं.

कॅथेड्रलमध्ये शिरताना शाळेतल्या सवयीने माझी बोटं दाराजवळच्या पवित्र पाण्याकडे गेली. आत एक हसरा देवदूत आहे, दात दिसतील इतका हसरा. आणि दाराच्या आतल्या बाजूला कोनाड्यात दोन ओबडधोबड मूर्ती बसलेल्या आहेत, एक सैतान आणि दुसरी त्याची आजी. बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाकडे त्या बघतात. आमच्या सिस्टरांनी सैतानाला आजी असल्याचं कधी सांगितलं नव्हतं. मी हे हृषिकेशना म्हटलं तर ते म्हणाले, "बाबांनाही हेच गमतीचं वाटलं होतं. तिच्यासमोर हात जोडून म्हणाले, आजी, नातवाला सांभाळा." सबंध सकाळभरात वडिलांचा उल्लेख त्यांनी केला तो एवढाच, आणि लगेच घड्याळाकडे पाहिलं.

दुपारी साडेबाराला आम्ही नदीवर आलो. डॅन्यूबवर नऊशे वर्षांचा दगडी पूल आहे. त्याच्या खांबांभोवती पाणी अडून फुगतं आणि पलीकडे भोवरे घेत बाहेर पडतं. पुलावर मध्यावर एक दगडी माणूस बसलेला आहे, कपाळावर आडवा हात धरून दूर काहीतरी शोधणारा. हृषिकेश पुलावर सतत माझ्या आणि कठड्याच्या मधून चालले. या गावापाशी डॅन्यूबला आणखी दोन नद्या मिळतात, एक वरच्या बाजूला आणि एक जरा खाली, हे त्यांनी सांगितलं. "आम्ही कराडचे," ते म्हणाले, "कृष्णा-कोयनेच्या संगमावरचे. म्हणून बाबांना इथे आणायचं होतं." मग पुन्हा सनावळ्या.

पूल ओलांडून आम्ही परत फिरलो आणि काठाने जरा खाली गेलो. तिथे एका झाडाखाली बाक होता. त्यावर बसून आम्ही डबा खाल्ला. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. एक वाजून दहा मिनिटांनी हृषिकेश उठले.

"काकू, मला एक फोन करायचा आहे. वीस मिनिटं इथे बसा. इथून हलू नका."

शेवटचं वाक्य त्यांनी वेगळ्याच आवाजात म्हटलं. माझ्याशी बोलतोय असा तो आवाज नव्हता. ते पुलाच्या दिशेने गेले. फोन त्यांनी खिशातून काढलेला मला दिसला नाही. जुन्या मिठाच्या कोठाराच्या कोपऱ्याशी ते वळले आणि दिसेनासे झाले. माणसाला सतरा कामं असतात, असं म्हणून मी नदीकडे तोंड करून बसले.

बाकापासून आठ-दहा पावलांवर दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरत होत्या. त्या वर्षी पाऊस कमी होता, पाणी खाली गेलेलं होतं. माझं सासर नाशिकचं. सासूबाईंचा नियम होता, की नवी नदी ओलांडली की तिच्या पाण्याला हात लावायचा, डोळ्यांना लावायचा, मग पुढे जायचं. नर्मदा, तुंगभद्रा, गंगा, सगळीकडे आम्ही हे केलं. माझे यजमान तर गाडी पुलाच्या पलीकडे थांबवून खाली उतरत. परदेशातल्या नदीला हा नियम लागू आहे की नाही, हे सासूबाईंना विचारायचं राहून गेलं. पण पूल मी ओलांडला होता, आणि तोही दोनदा.

एक वाजून अठरा मिनिटांनी मी उठले. ही वेळ पक्की, कारण त्याच क्षणी मी घड्याळ काढलं. पहिल्या पायरीपाशी बसून बूट काढले, मोजे काढून बुटात खोचले. डोळ्यांना पाणी लावायचं म्हणून चष्मा काढला. घड्याळ आणि चष्मा डाव्या बुटात ठेवले. नाशिकला घाटावर कुत्री असतात म्हणून बूट जोडीने, टाचा पाण्याकडे करून, पाण्यातून लक्ष राहील असे ठेवायची सवय, तसे ठेवले. साडीच्या निऱ्या उचलल्या आणि उतरले.

चौथ्या पायरीवर शेवाळ होतं. चष्म्याशिवाय ते दिसलं नाही, पायाला कळलं. माझा तोल थोडासा गेला, फार नाही, मी खाली बसले असते इतकंच. पण तेवढ्यात मागून कुणीतरी धावत आलं आणि माझा दंड इतक्या जोरात धरला, की पुढे आठवडाभर चार बोटांचे वळ होते.

हृषिकेशच होते. त्यांनी मला वर ओढलं, पहिल्या पायरीच्याही वर, गवतावर. चष्मा नसल्यामुळे त्यांचा चेहरा मला धूसर दिसत होता, पण त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी त्यांना रागावणार होते. ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते माझ्या बुटांकडे बघत होते.

"घड्याळ का काढलंत?" त्यांनी विचारलं.

"भिजू नये म्हणून. दुसरं कशाला?"

"आणि चष्मा?"

"डोळ्यांना पाणी लावायचं होतं. चष्म्यावरून लावू?"

ते माझ्या बुटांशेजारी खाली बसले. मी चष्मा घातला, मोजे चढवले. त्यांनी बुटांना हात लावला नाही, पण माझा उजवा बूट मी उचलला तेव्हा, "एक मिनिट, तसाच असू दे," म्हणाले. मी तो परत जोडीला ठेवला आणि मोज्यांनिशी तिथेच बसून राहिले. मग त्यांनी सांगितलं.

सात वर्षांपूर्वी, सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी, ते वडिलांना याच गाडीने इथे घेऊन आले होते. वडील त्र्याहत्तर वर्षांचे, कराडला शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. अलीकडे विसरायला लागले होते. गाडीत त्यांनी तिकीट दाखवावं लागेल का म्हणून विचारलं. पुन्हा विचारलं. चौथ्यांदा विचारल्यावर हृषिकेशचा तोल गेला. त्या महिन्यात कामावर फार ताण होता. ते वडिलांना म्हणाले, की तुम्हाला आणलं हीच माझी चूक झाली. वडिलांनी तोंड खिडकीकडे वळवलं. पण मग गाव बघताना हसले, सैतानाच्या आजीला हात जोडले, डबा खाल्ला. एक वाजून दहा मिनिटांनी ऑफिसचा फोन आला. "बाबा, वीस मिनिटं इथे बसा, इथून हलू नका," असं सांगून हृषिकेश आवाजापासून लांब, कोठाराच्या मागे गेले. वीसची पस्तीस मिनिटं झाली. परत आले तर बाक रिकामा होता. पहिल्या पायरीवर बूट होते. जोडीने, टाचा पाण्याकडे, मोजे आत, डाव्या बुटात घड्याळ आणि चष्मा.

चार दिवसांनी वडील खूप खाली, दुसऱ्या गावापाशी मिळाले.

पोलिसांतली एक बाई फार चांगली होती. तिने हृषिकेशना पाणी दिलं, आणि मग विचारलं, वडील निराश होते का, सकाळी काही बोलणं झालं होतं का. कारण जो घसरतो तो बूट घालून घसरतो. जो ठरवून जातो तो वस्तू नीट काढून ठेवतो. तिने हे कठोरपणे म्हटलं नाही. तिच्या कामात तिने ते पाहिलेलं होतं. हृषिकेशनी सकाळचं वाक्य तिला सांगितलं, आणि सांगता सांगताच त्यांची खात्री झाली. कागदावर शेवटी असं लिहिलं गेलं, की मृत्यू बुडून झाला, अपघात की स्वेच्छा हे ठरवता येत नाही.

"आईला मी सांगितलं, काठावर पाय घसरला," ते म्हणाले. "बुटांचं सांगितलं नाही. दुसऱ्या कुणालाही सांगितलेलं नाही. सुमेधाला माहीत आहे फक्त." सुमेधा म्हणजे त्यांची बायको.

पुढच्या वर्षी त्यांनी कुणाच्या तरी आईवडिलांना इथे आणलं. मग दुसऱ्या कुणाच्या. तीच गाडी, तेच बाकडं, एक वाजून दहा मिनिटं, तेच वाक्य. कोठाराच्या कोपऱ्यावरून बाक दिसतो. ते तिथे उभे राहून बघत. त्याआधी ते पोहायला शिकले होते, गावातल्या तलावावर, लहान मुलांच्या वर्गात, सगळ्यात उंच विद्यार्थी म्हणून. पुढे त्यांनी जीवरक्षकाची परीक्षाही दिली. म्हणजे कुणी उतरलंच तर त्यांना पोचता आलं असतं.

"कुणी उतरलं?"

"कुणीच नाही. एक्केचाळीस जण, काकू. कुणी झोपलं, एका आजोबांनी कबुतरांना दशमी घातली. पाण्याकडे एकही गेलं नाही. म्हणजे साधा माणूस इथून उठून पाण्याकडे जात नाही. गेनाऊ, नेमकं हेच मला बघायचं होतं, आणि एक्केचाळीस वेळा तेच दिसलं."

आता मला खरोखर राग आला. मी त्यांना म्हटलं, की आमची मुलं आम्हाला विमानतळापासून बजावत असतात, हलू नका, बोलू नका, हरवलात तर फोन लागणार नाही. घरातून निघताना ऊर्मिलाने माझ्या पर्समध्ये पत्त्याची चिठ्ठी घातली होती, शाळकरी पोरीच्या घालतात तशी. असे एक्केचाळीस जण सांगितल्या जागी बसून राहिले, यात नवल काय. "तू त्यांचा आज्ञाधारकपणा तपासलास," मी म्हटलं. रागात मी त्यांना कधी एकेरीवर आले ते कळलं नाही. "बसून राहिलेली माणसं कशी निघाली होती, सुखी की दुःखी, हे तुला काय ठाऊक? आणि मी उठले. मी काही मरायला निघाले नव्हते."

"तुम्हाला मी गाडीत तसं बोललो नव्हतो," ते म्हणाले.

मी पदर खांद्यावर ओढून घेतला.

"ती एक गोष्ट कधीच तशी लावता आली नाही," ते पुढे म्हणाले. "बाकी सगळं लावलं. ते वाक्य दुसऱ्या कुणाच्या वडिलांना कसं बोलणार? म्हणजे चाचणी पहिल्यापासूनच खोटी आहे. मला ते माहीत होतं. तरी दर उन्हाळ्यात येत राहिलो."

समोरून एक लांबलचक बोट गेली. तिच्या लाटा पायऱ्यांवर आल्या, तिसरी पायरी भिजली, आणि शेवाळाची पायरी काही वेळ पूर्ण नाहीशी झाली. आम्ही दोघंही तिच्याकडेच बघत होतो. मी साक्षीदार नाही. एका म्हातारीने बूट काढले म्हणून सात वर्षांपूर्वी दुसऱ्या माणसाच्या मनात काय होतं हे सिद्ध होत नाही. हे मी तिथेच मनाशी म्हटलं होतं, आणि घरी येऊन लिहिलंही. पण बूट असे का ठेवले जातात हे जिला सांगता येईल अशी एक बाई जगात होती, आणि तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"तुझे वडील संगमावर जायचे तेव्हा बूट कुठे ठेवायचे?" मी विचारलं.

त्यांना आठवेना. ते बारावीनंतर वसतिगृहात गेले, मग इकडे. लहानपणी संगमावर जात ते मित्रांबरोबर, वडिलांबरोबर नाही. वडील पहाटे जायचे.

"आईला विचार."

"काकू, मग बुटांचं सांगावं लागेल."

"हो."

भारतात तेव्हा संध्याकाळचे पाच वाजून गेले होते. फोन लावायला त्यांनी दहा मिनिटं घेतली. दोनदा खिशात परत ठेवला. शेवटी लावला आणि आवाज मोठा केला, बहुधा एकट्याने ऐकायची हिंमत नव्हती म्हणून. त्यांच्या आईंचं नाव साधनाताई, वय अठ्ठ्याहत्तर. आवाज खणखणीत होता. आज शनिवारी मध्येच कसा फोन, जेवलास का, सुमेधाचा खोकला गेला का, हे सगळं झालं. आपण कुठे आहोत ते हृषिकेशनी सांगितलं नाही.

"आई, एक विचारू? बाबा संगमावर जायचे तेव्हा घड्याळ कुठे काढून ठेवायचे?"

"बुटात," त्या लगेच म्हणाल्या. "अजून कुठे? घड्याळ, चष्मा, पैसे, सगळं बुटात. मी किती ओरडायचे. एकदा कुत्र्याने बूट पळवला, तर सगळा घाट हे एका बुटावर लंगडत फिरले, आणि घरी येऊन मलाच म्हणतात, उद्यापासून तू राखण बसायला ये." त्या हसल्या. हृषिकेश हसले नाहीत. मग त्या म्हणाल्या, "का रे? आज कशी आठवण?"

"त्यांचे बूट मिळाले होते, आई. तेव्हाच. पायरीवर. जोडीने ठेवलेले. घड्याळ आत होतं."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तू म्हणाला होतास घसरले."

"हो."

"माझा विश्वास बसला नव्हता," साधनाताई म्हणाल्या. आवाज तोच होता, फक्त हळू. "पुरात कोयना ओलांडलेला माणूस काठावरून पाय घसरून जात नाही. मी धरून चालले होते, की पुलावरून गेले, आणि तू मला सांगत नाहीस. विचारलं असतं तर तू पुन्हा खोटं बोलला असतास. म्हणून विचारलं नाही."

हृषिकेशनी कपाळ गुडघ्यांवर टेकलं होतं. तसंच, मान न उचलता, त्यांनी आईला गाडीतलं वाक्यही सांगितलं. मी उठून बाकाकडे जाऊ लागले, तर त्यांनी माझ्या पदराचं टोक धरलं, म्हणून थांबले.

त्यावर साधनाताई माफ केलं असं म्हणाल्या नाहीत. "ते वाईट बोललास," एवढंच म्हणाल्या. "त्यांना लागलं असणार." थोड्या वेळाने विचारलं, "पायऱ्या किती आहेत तिथे?"

"पाण्याखालच्या धरून दिसतात त्या सात."

"शेवाळ?"

"आहे. चौथ्या पायरीपासून."

"तू आत्ता तिथेच आहेस का?"

"हो."

"मग मला पाणी ऐकव."

हृषिकेश उठले. त्यांनी आपले बूट काढले. घड्याळ मनगटावर तसंच राहिलं, ते त्यांच्या लक्षातही आलं नसावं. एका हाताने त्यांनी माझा हात धरला आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन ते एकेक पायरी उतरले. तिसरीवर बसले, मी त्यांच्या वरच्या पायरीवर. सात वर्षांत ते इथवर पहिल्यांदाच उतरत होते, हे त्यांनी मला नंतर गाडीत सांगितलं. फोन त्यांनी पाण्यापासून वीतभर उंचीवर धरला. पुलाखालून सुटलेलं पाणी दगडांवर घासत, मध्येच खोल आवाज करत चाललं होतं. माझा हात त्यांच्या हातात होता.

आम्ही तिघंही तेच ऐकत होतो.

"फार जोर आहे रे पाण्याला," साधनाताई म्हणाल्या.